आक्काचा डावा कान

नामदेवमामा दर भाऊबीजेला पूर्णेहून आमच्याकडे जिंतूरला यायचा आणि ओवाळणीचं ताट पुढे येण्याआधी माझ्या वडिलांना एकच प्रश्न विचारायचा. "दाजी, आक्काचा डावा कान कशानं गेला?" अण्णा पेपर खाली न घेता उत्तर द्यायचे, "लहानपणापासून फुटका हाय." मग मामा ओवाळून घ्यायचा, आईच्या उजव्या बाजूला बसून तिच्या हातचं पोटभर जेवायचा. पाणी मात्र पूर्णेहून आणलेल्या बाटलीतलं. अण्णांच्या घरचं पाणी घशाखाली उतरत नाही म्हणायचा.

कान कशाने गेला ते मी पाहिलं होतं. मी सहा वर्षांची होते. पाहुण्यांसमोर अण्णांनी एका गावाचं नाव चुकीचं सांगितलं आणि आईने ते दुरुस्त केलं, एवढंच. पाहुणे गेले आणि अण्णांनी तिच्या कानाखाली वाजवली. परभणीच्या डॉक्टरांच्या औषधाने पडदा भरून आला, पण ऐकू येणं गेलं ते गेलंच. अण्णा पंचायत समितीत क्लार्क, गावात त्यांच्या शब्दाला मान. त्यांनी 'लहानपणापासून' म्हटलं आणि सगळ्यांनी ते मान्य केलं, अगदी आईच्या सख्ख्या आईनेही. मी गप्प राहिले, त्याची लाज मला अजून वाटते.

गप्प न राहणारा मामा एकटाच. रेल्वेत पॉइंट्समन होता. कुणी म्हणालं, आता सोड की तो विषय, तर म्हणायचा, "गाडीचा रूळ बदलतो मी, सवाल बदलत न्हाई." आईच्या लग्नात नवरदेवाचा कान पिळायचा मान धाकटा भाऊ म्हणून त्याचाच होता. तेव्हा त्याने लाजत लाजत नुसतं बोट लावलं आणि फेटा घेऊन बाजूला झाला. त्याचा पश्चात्ताप त्याला जन्मभर पुरला. "तवाच नीट पिळायला पाह्यजे व्हता," हे वाक्य तो इतक्यांदा म्हणे, की मामी ते त्याच्याआधी म्हणून मोकळी व्हायची.

मी दिल्लीला घर घेतलं तेव्हा वास्तुशांतीला आई, अण्णा आणि मामा, तिघांनाही विमानाने न्यायचं ठरवलं. तिकिटं संभाजीनगरहून. मामा लगेच आईला घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेला. विमान चढताना-उतरताना हवेचा दाब बदलतो, तो कानाच्या आत-बाहेर सारखा झाला नाही तर कळ येते, विशेषतः उतरताना, हे त्याने नीट समजून घेतलं. आईला त्याने पाठच करायला लावलं. उतरताना झोपायचं नाही. खडीसाखर चघळायची, आवंढा गिळत राहायचं, जांभया द्यायच्या. तेवढ्याने नाही भागलं तर तोंड मिटून, नाक धरून हळूच फुंकायचं, पण आईने ते करायचं नाही, तिचा पडदा नाजूक. सर्दी असेल तर आधी डॉक्टरला विचारायचं.

सर्दी अण्णांना होती. मी म्हटलं, तुम्हीही दाखवून घ्या. ते म्हणाले, नाक वाहतंय म्हणून कुणी डॉक्टरकडे जातं का. मामा तिथेच बसला होता आणि एक अक्षर बोलला नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

विमानात आई खिडकीशी, तिच्या डाव्या हाताला अण्णा, त्यांच्या पलीकडे मामा, आणि मधली वाट सोडून मी. अण्णा घोरू लागले. उतरायची सूचना झाली तसा मामाने हात लांब करून आईला खडीसाखर दिली. आईने अण्णांना हलवायला हात उचलला, तर मामा म्हणाला, "झोपू दे. थकल्यात दाजी." माझ्याही पर्समध्ये गोळ्या होत्या. खोटं कशाला सांगू, मी पर्सची चेन उघडली नाही.

पाचेक मिनिटांनी अण्णा दोन्ही कान दाबत जागे झाले. चेहरा पांढराफटक, डोळ्यांत पाणी. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदा पाहत होते आणि मला बरं वाटत होतं. मामा त्यांच्या कानाशी वाकला आणि अगदी सावकाश, मोठ्याने म्हणाला, "दाजी, उपाय हाय मह्याकडं. आधी सांगा, आक्काचा डावा कान कशानं गेला?"

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे तोंड करून पुटपुटले, "मी मारलं व्हतं."

आई म्हणाली, "काय म्हनलात?"

कान गच्च बसलेले. आपला आवाज किती लागतोय हे अण्णांना कुठलं कळायला? ते ओरडले, "मी मारलं व्हतं हिला! कानाखाली! म्या!"

पुढच्या तीन रांगांतल्या माना वळल्या. मामाने शांतपणे अण्णांचा हात धरून नाकावर ठेवला, तोंड मिटायला लावलं आणि हळूच फुंकायला शिकवलं. शिकवताना मात्र त्याने काही कसर ठेवली नाही. दोनदा, तीनदा. कान उघडले तेव्हा अण्णांना पहिलं ऐकू आलं ते मागच्या बाईंचं बोलणं. त्या आपल्या मुलीला सांगत होत्या, हाच तो, बायकोला मारणारा. दिल्लीत उतरेपर्यंत अण्णांनी मान वर केली नाही.

त्यानंतर एकच भाऊबीज झाली. मामा आला, काही विचारलं नाही. फाल्गुनात तो हार्टअटॅकने गेला. अण्णा अंत्ययात्रेत सगळ्यांच्या मागे चालले.

दहाव्याला पूर्णेच्या घरात आई आणि मी भांडी आवरत होतो. मी म्हटलं, बरं झालं तुला ऐकू आलं नाही, म्हणून तरी ते मोठ्याने बोलले. आई परात पुसत राहिली.

"पहिल्या खेपेलाच कळलं व्हतं मला," ती म्हणाली. "मह्याकडं तोंड करून बोलले की. व्हट दिसायले व्हते."

"मग परत का विचारलंस?"

"नामा तीस वर्सं विचारत आला," आई म्हणाली. "मी एकदाच विचारलं."