चांगुणाचं पाणी

"थकली का वं?" असं विचारलं की धाड गावची मनकर्णाबाई म्हणायची, "थकायले येळ कुठं हाये?" खरंच होतं. तिची लेक चांगुणा जन्मली तीच कमरेवर पाण्याचा गोळा घेऊन. गोळा हळूहळू बसला, पाय लटपटत का होईना चालू लागले, पण लघवी काही थांबेना. थेंब थेंब, दिवसभर. नऊ वर्षं मनकर्णाबाई रोज पंधरा-वीस फडकी धूत होती. मी शेजारीण. नुसतं बघूनच माझे हात दुखायचे.

चांगुणाला शाळेचं भारी वेड, पण खाली ओल दिसली की मास्तर घरी पाठवत. मनकर्णाबाई माळ्याची लेक. कांदा काढायच्या आधी पंधरा दिवस पाणी तोडायचं, मग कांदा टिकतो, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. तिनं पोरीचंही पाणी तोडलं. सकाळी एक घोट, मग शाळा सुटेपर्यंत काही नाही. फडकी कमी भिजू लागली, पोर तिसरीत गेली. मीही तेव्हा बाईच्या अकलेचं कौतुक केलं. आज सांगताना लाज वाटते.

एकोणसत्तरच्या उन्हाळ्यात पोरीला हुडहुडी भरून ताप आला, लघवीतून रक्त गेलं. मी चार बुकं शिकलेली, म्हणून सोबत नागपूरला गेले. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. आतड्याच्या तुकड्याची नळी करायची, लघवी तिच्यातून पोटावरच्या छिद्राकडे वळवायची आणि तिथं रबरी पिशवी बांधायची. कपडे कोरडे राहतील.

मग त्यांनी विचारलं, "पाणी किती पिते ही?"

"जास्त नाही देत जी," मनकर्णाबाई अभिमानानं म्हणाली. "शाळेत बसते ना."

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. मूत्रपिंडं आधीच दुखावलेली, त्यात कमी पाण्यानं खडे धरलेले. त्यातलं एक तर गेल्यातच जमा होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "दुसरं वाचवायचं तर ऑपरेशन करू. पण यापुढे हिला भरपूर पाणी पाजा. त्यावरच सगळं आहे."

ऑपरेशन झालं. आठव्या दिवशी चादर कोरडी होती. मनकर्णाबाईनं चादरीवरून तीनदा हात फिरवला आणि पेला पुढे केला.

"पे वं बाई."

चांगुणानं ओठ ओले केले आणि पेला सरकवला. "मले तहानच लागत नाही माय."

मनकर्णाबाई माझ्याकडे वळली. "हे म्याच शिकवलं तिले," एवढंच म्हणाली, आणि पेला पुन्हा पोरीच्या ओठांशी नेला.