संत्र्याचा ताण आणि पुरीचं बुकिंग

"सुट्टीचं बुकिंग किती आधी करावं?" हा प्रश्न या ब्लॉगवर कोणी ना कोणी विचारतंच. माझं उत्तर ठरलेलं असतं, जमेल तितकं आधी. मी नागपूरच्या महाल भागात राहते. इथे स्कूटर लावायची म्हटलं तरी लवकर निघावं लागतं, त्यामुळे ही सवय अंगात मुरली आहे.

पण माझे बाबा कळमेश्वरजवळ संत्र्याची बाग करतात. काही आधीपासून ठरवणं म्हणजे आभाळाला डिवचणं, असं त्यांचं पक्कं मत. मी शाळेत असताना एकदा आमची सहल ठरली होती. आईने डबाभर चिवडा केला आणि आदल्या दिवशी गारा पडल्या. तो चिवडा आम्ही घरीच बसून खाल्ला. तेव्हापासून सहलीचा विषय निघाला की बाबांचं एकच पालुपद, "पाहू. वेळेवर पाहू." ती वेळ काही येत नव्हती. आईने साठी ओलांडली, गुडघे कुरकुरू लागले, आणि समुद्र पाहायची तिची एवढीशी इच्छा तशीच राहिली.

या वेळी मी बाबांना त्यांच्याच भाषेत पकडलं. आंबिया बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबरात संत्र्याला ताण देतात, म्हणजे झाडांचं पाणी बंद करतात. झाड तहानलं, पानं मलूल झाली, की मग पाणी सोडायचं. तेव्हा कुठे ते फुलांनी लदबदतं. या ताणाच्या दिवसांत बागवाल्याला वर्षातली सगळ्यात जास्त फुरसत असते. अडचण एवढीच की नेमकी तेव्हाच नाताळची सुट्टी असते आणि अख्खा देश समुद्रावर जाऊन बसतो.

म्हणून ओडिशातल्या पुरीचं हॉटेल मी पोळा होताच बुक केलं. तरीही समुद्राकडची खोली मिळाली नाही, गल्लीकडची मिळाली, आणि भाडं एरवीच्या दुप्पट. रेल्वेचं आरक्षण दोन महिने आधी सुरू होतं, म्हणजे ऐन दिवाळीत. चकल्या तळता तळता मी तिकिटं काढली. आईबाबांसाठी खालचे दोन बर्थ मिळाले, मला वरचा. नवरा म्हणाला, "दुकान सोडून मी कुठं येऊ? तुमी तिघं जा."

निघायला आठवडा उरला आणि अवकाळी पाऊस आला. दुसऱ्या दिवशी सकाळीच बाबांचा फोन.

"रद्द कर वं पोरी. ताण मोडला. आता झाडं पालवी काढतीन, फुलं नाही."

मी काही बोलायच्या आत मागून आईचा आवाज आला. आई बाबांवर आवाज चढवत नाही, म्हणून मी फोन कानाला घट्ट धरला.

"काहून रद्द? तुमी घरी राहून काय करून राहिले? पालवी थांबवायची फवारणी सांगून द्या शेजारच्या दामूभाऊले. बाकी झाडाले पाणीच नाही द्यायचं ना? मंग ते पुरीहून नाही द्या!"

मग बाबा म्हणाले, "तुही माय म्हणते तर पाहू." मी मात्र 'पाहू' ऐकून धसकलेच. गाडीत बसेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

नागपूरहून पुरीला थेट गाडी सगळ्याच वारी मिळेल असं नाही, वार बघून सुट्टी टाका. प्रवास रायपूरवरून, जवळजवळ एक दिवसाचा. आईने पोळ्या, सुकं बेसन, तिळाची चटणी आणि शेवटच्या तोड्याची पिशवीभर संत्री घेतली होती. समोरच्या बर्थवर एक बंगाली मावशी होत्या. त्यांनी संत्रं सोलता सोलता सांगितलं, "हम तो गर्मी में ही बुक कर लेते हैं."

बाबा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "उन्हाळ्यात यांले कसं समजलं का डिसेंबरात पाऊस नाही येनार?"

"त्यांले नाही समजत बाबा. तरी करतात."

बाबांनी मावशींकडे असं पाहिलं, जणू त्या वाघाच्या पिंजऱ्यात हात घालून आल्या आहेत.

पुरीत पहिल्या दिवशी मंदिर उरकलं. फोन आत नेता येत नाही, बाहेर जमा करावा लागतो, रांगेसाठी पहाटेच जा. मातीच्या मडक्यांतला भात आणि डाळीचा महाप्रसाद जमिनीवर बसून खायचा. आई दोनदा मागून जेवली. बाहेर पाकातला खाजा घ्या, पण आधी चव पाहून, काही दुकानांत शिळा देतात.

समुद्रावर दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. पुरीच्या किनाऱ्यावर वेताच्या टोकदार टोप्या घातलेले कोळी असतात, ते हात धरून पाण्यात नेतात. लाटा दांडग्या आहेत, त्यांच्याशिवाय उतरू नका, पैसे आधीच ठरवा. आई कितीतरी वेळ नुसती उभी होती. मग मला म्हणाली, "लयच मोठा आहे वं." आणि पदर खोचून कोळ्याचा हात धरून निघालीसुद्धा. गुडघ्यांचं तिला भानच नव्हतं.

बाबा समुद्राकडे पाठ करून दामूकाकांशी फोनवर बोलत होते. खालच्या वाफ्यात ओल किती, कोवळी पालवी दिसते काय. बोलणं संपवून ते वळले. मघाच्या जागी आई नव्हती. तेवढ्यात एक मोठी लाट उसळली आणि पाण्यातला तिचा निळा पदर दिसेनासा झाला.

"कुसुम!"

मी चमकून पाहिलं. माझ्या उभ्या आयुष्यात बाबांच्या तोंडून आईचं नाव मी ऐकलं नव्हतं. आमच्या घरी आई म्हणजे 'अवं', फार तर माझ्या नावाने 'माधुरीची माय'. बाबा बूट, पँट, हातातला फोन, सगळ्यासकट पाण्यात धावले. "कुसुम! कुसुम!"

लाट ओसरली. आई कोळ्याचा हात धरून उभी, नखशिखान्त भिजलेली आणि खदाखदा हसणारी. बाबा कमरेएवढ्या पाण्यात तिच्यासमोर पोचले.

"कायले वरडता? लोकं पाहून राहिले," आई म्हणाली. पण तिने कोळ्याचा हात सोडून बाबांचा धरला. मला रडू आलं. खाऱ्या वाऱ्यात ते खपून गेलं.

फोन गेला तो गेलाच. त्यामुळे तिसऱ्या दिवशी रिक्षा करून कोणार्कला गेलो तेव्हा बाबांनी दगडातलं एक एक चाक निवांत पाहिलं. दामूकाकांचा नंबर त्या फोनमध्येच होता, बागेची चौकशी करायला साधनच उरलं नव्हतं!

परतलो तेव्हा झाडं हवी तशी मलूल झालेली होती. पुढे पाणी सोडलं, बाग फुलली. खालच्या वाफ्यात फुलं कमीच आली, ते खोटं कशाला सांगू? मी भीत भीत विषय काढला तर बाबा म्हणाले, "घरी असतो तरी तितकीच आली असती."

तर किती आधी? पुरीसारख्या ठिकाणी, नाताळात, हॉटेल चार महिने आधी, आणि तिकीट आरक्षण उघडेल त्या सकाळी. रद्द करता येईल अशीच खोली घ्या, कारण आभाळ कोणाचं ऐकत नाही. पण पाऊस आला म्हणून लगेच रद्द करू नका, आधी घरातल्या आईला विचारा.

परवा बाबांचा फोन आला. आंबिया बहाराची फळं अजून झाडावर हिरवी आहेत, आणि त्यांना हॉटेलचं विचारायचं होतं.

"बाबा, अजून पोळासुद्धा झाला नाही. यंदा ताण कधी बसेल कोणाले माहीत?"

"बसन तवा बसन. तू पाहून तर ठेव." मग फोन तोंडापासून दूर नेऊन त्यांनी आत हाक मारली, "कुसुम! अवं कुसुम, समुद्राकडची खोली पाह्यजे काय तुले? पोरगी विचारून राहिली."

मी असं काहीच विचारलं नव्हतं.