माणसाळलेली आत्या

माझ्या आत्याइतकं माणसाळलेलं माणूस मी पाहिलेलं नाही. ती हातरुमालालाही इस्त्री करते, रस्ता रिकामा असला तरी सिग्नलला थांबते. दारातल्या तिच्या चपला प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या दिसतात. अशा बाईला ऑफिसने रानटीपणावरचं पुस्तक स्पॅनिशमध्ये करायला दिलं.

तोवर जन्मभर तिने पाण्याच्या पंपांची माहितीपत्रकं भाषांतरित केली होती. त्यांवर नाव पंपाचं असतं. या पुस्तकावर पहिल्यांदाच तिचं येणार होतं. आईने शेजारणींना सांगूनही टाकलं.

आत्या कामाला भिडली. मूळ पुस्तकात सगळ्यालाच 'रानटी' हा एक शब्द, स्पॅनिशमध्ये मात्र त्याचे तीन. कुणी न लावता उगवलेलं फूल सिल्वेस्त्रे. अंगावर धावून येणारं जनावर साल्वाहे. दावं तोडून डोंगरात गेलेली, परत न आलेली गाय सिमारोन. प्रत्येक शब्द ती आधी घरातल्यांना लावून बघे.

"दादा जेवायला बसला की साल्वाहे."

"आणि मी?" आईने हौसेने विचारलं.

"तुम्ही पाळीवच, वहिनी."



मग साहेबाने बोलावलं. तो आत्याच्याच हाताखाली शिकलेला.

"मॅडम, सगळीकडे साल्वाहे करा. एका शब्दाला एकच शब्द."

"अरे, फूल काय चावतं का?"

"नियम तुमचाच आहे."

खरंच तिचाच होता. एकदा पत्रकात एकाच झडपेला दोन नावं पडली आणि कुणीतरी भलतीच झडप उघडली. तेव्हा आत्यानेच तो नियम छापून भिंतीवर लावला होता. आता झडपांचा नियम जंगलाला लागला.

"जमत नसेल तर दुसऱ्याला देतो. नावही त्याचंच जाईल."

आत्याने आजवर कुणाला नाही म्हटलं नव्हतं. तेव्हाही ती म्हणाली, "कृपया माझं नाव काढा." मग भिंतीवरचा नियम उतरवला, त्याची नीट घडी केली आणि कचऱ्यात टाकला.

"शेजारणींना काय तोंड दाखवू आता?" आई म्हणाली.

"आहे तेच दाखवा, वहिनी. दुसरं कुठून आणणार?"

पुस्तक निघालं. त्यातली फुलंसुद्धा माणसांच्या अंगावर धावून जातात. आत्या पंपांकडे परतली, रुमालांची इस्त्रीही चालूच आहे. फक्त दारात तिची एक चप्पल उलटी पडलेली असते. आई ती सरळ करते. आत्या येता-जाता पायाने पुन्हा उलटी करते.