कुत्र्याच्या गळ्यात माझा नंबर

कुत्र्याचा पट्टा निवडायला एवढा वेळ लागतो का, असं गोंदियाच्या बाजारातल्या दुकानदारानं मला तोंडावर विचारलं. लागतो बाप्पा! सकाळी बाबांचं आवरणं, मग ऑफिस, संध्याकाळी पुन्हा बाबा, आणि त्यातून उरलेल्या जिवानं मी त्याच्या काउंटरसमोर उभी होते. त्यानं घुंगरांचा पट्टा काढला, चमकीचा काढला. "मॅडम, ये वाला देखो, फोटो में मस्त आता है." मला फोटो काढायचाच नव्हता. मला बिल्ला हवा होता, ज्यावरचा फोन नंबर रस्त्यावरच्या कोणालाही चष्म्याशिवाय वाचता यावा. कारण बिल्ला घालणार कुत्रा होता, पण तो घेत होते मी बाबांसाठी.

बाबा रेल्वेत गँगमन होते. सारी नोकरी रुळाच्या कडेनं चालण्यात गेली. आता डोक्यातलं बरंच पुसलं गेलंय, पण ड्युटी तेवढी शिल्लक आहे. दार उघडं दिसलं की निघाले. "काऊन जाता बाबा?" विचारलं की म्हणणार, "लाईन पाहून येतो ना व." आमच्या फुलचूरच्या घरापासून रेल्वेचं फाटक काही फार लांब नाही. एकदा तर मालगाडी भोंगा वाजवत येत होती आणि हे रुळात वाकून काहीतरी तपासत होते. लोकांनी ओढून बाजूला केलं. तेव्हापासून ऑफिसात बसल्या बसल्या गाडीचा भोंगा ऐकला तरी मी शेजारी फोन लावून बाबा घरात आहेत ना ते विचारते.

उपाय काही कमी केले नाहीत. खिशात चिठ्ठी ठेवली, तर बाबा खिशातलं सगळं कोणाला ना कोणाला वाटून येत. मोबाईल उशीखाली ठेवून जात. शेवटी माझा नंबर कोरलेलं लॉकेट आणलं, तर असे भडकले म्हणता! आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले गंडे, दोरे, ताईत सगळे तोडून फेकले होते. त्यानंतर आमच्या घरात कोणाच्या गळ्यात काही बांधलं गेलं नाही. बाबांना माझं नाव सकाळी आठवतं ते संध्याकाळी आठवत नाही, पण हे मात्र ठणठणीत आठवत होतं. "माह्या बापानं तोडलं, आन तू बांधून रायली? मी काय जनावर हाव?" मीही ओरडले. थकलेल्या माणसाला राग फार लवकर येतो. त्या दिवशी दोघंही न जेवता झोपलो.

राहता राहिला कुत्रा. गल्लीतलाच, भुरा, उन्हाळ्यात पाणी पाजलं म्हणून घरचा झालेला. बाबा निघाले की तोही निघतो. त्यांना परत फिरवायची अक्कल त्याला नाही, पण साथ सोडत नाही. मग म्हटलं, बाबा नाही तर नाही, हा तर घालेल.

पुण्याच्या भावानं फोनवर सल्ला दिला, तो मोबाईलनं स्कॅन करायचा बिल्ला घे, सगळी माहिती येते. दुरून डोंगर साजरे! फाटकाजवळचा पंक्चरवाला टायर सोडून स्कॅन करत बसणार आहे का? दुकानदारानंही तोच पुढे केला, मग हाडाच्या आकाराचा प्लॅस्टिकचा. मी पितळेचा मोठा गोल बिल्ला उचलला. "नाम क्या लिखना है?" म्हटलं, नाव नको, दोन्ही बाजूंनी नंबरच कोरा. पट्टा घेतला लाल, रुंद, लांबून नजरेत भरेल असा. कडी ओढून ओढून पाहिली. दुकानदार वैतागला होता, पण मी काय करू?

घरी पट्टा बांधताना बाबा म्हणाले, "याच्या गळ्यात कायले?" मी सांगितलं, बिनपट्ट्याचा दिसला तर भटका समजून कोणीही दगड मारेल. ते त्यांना पटलं. "मंग बांध. पन सैल बांध." दिवसा बाबांवर लक्ष ठेवणाऱ्या शेजारच्या काकू कुंपणापलीकडून बोलल्याच, "बापाच्या पायात धड चप्पल नाई आन कुत्र्याचे लाड पाहा!" बाबा चपला कुठेकुठे सोडून येतात हे काकूंनाही माहीत होतं. मी पट्ट्याची कडी पुन्हा एकदा ओढून पाहिली. आताशा बोलायचाही कंटाळा येतो.

मग एका दुपारी ऑफिसात फोन वाजला. "मॅडम, आपका कुत्ता मिला है. फाटक के पास पंक्चर की दुकान है, वहीं बैठा है." मी विचारलं, "साथ में कोई बुजुर्ग हैं क्या?"

"हाँ, वही तो पकड़के लाए. नंबर भी उन्होंने ही पढ़के बताया."

गाडी कशी काढली, कशी पोहोचले, ठाऊक नाही. बाबा दुकानापुढच्या बाकावर बसले होते, अनवाणी, एका हातात लाल पट्टा घट्ट धरून. मला पाहून ते उठून उभे राहिले. "बाई, हा कुत्रा तुमचा हाय का? कवाचा मांगंमांगं फिरून रायला. मुका जीव, घर कोठी हाय ते सांगू शकत नाई. मनून थांबलो."

तुमचा. बाबा मला बाई म्हणाले, तुमचा म्हणाले. आजवर नाव विसरले होते, चेहरा कधी विसरले नव्हते. मला तिथंच खाली बसून रडावंसं वाटलं, पण पट्टा माझ्या हातात देऊन ते निघालेच होते, रुळाच्या दिशेनं.

"बाबाजी," मी म्हटलं. परक्या म्हाताऱ्या माणसाला हाक मारतात तशी. "हा माझ्यानं आवरत नाही. घरापर्यंत सोडून द्याल का?"

ते थांबले. पट्टा पुन्हा हातात घेतला. "चाला. पन मले तेथून लवकर निंगा लागन."

गाडी तिथंच ठेवून मी त्यांच्या बाजूनं चालू लागले. थोडं पुढं गेल्यावर ते म्हणाले, "माही पोरगी घरी एकटी हाय ना. मी गेल्याबिगर जेवत नाई थे. वाट पाहून रायली असन."

"हो," मी म्हटलं. "पाहत असेल."