लेबलशेठचा बेडूक

केस कापण्यात त्याचा हात इतका हलका, की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायला लागे. तरी सगळी गल्ली त्याला लेबलशेठ म्हणायची, आणि हे नाव त्याने स्वतःच ओढवून घेतलं होतं.

वीसेक वर्षांपूर्वी कापडी प्राण्यांचं वेड आलं होतं. मुठीत मावणारे, पोटात दाणे भरलेले, कानाला कागदी लेबल टाचलेले. कारखान्यातून ते लाखांनी निघत. मधूनच कंपनी जाहीर करी, की अमुक प्राणी आता बंद. झालं! चांगली मिशीवाली माणसं दुकानापुढे रांगा लावत. एका गिऱ्हाइकाने खुर्चीत बसल्या बसल्या ज्ञान दिलं, "लेबल शाबूत राहिलं तर पुढे सोन्याच्या भावाने जातील. लेबल गेलं की चिंधी."

न्हाव्याने ते मनावर घेतलं. प्राणी घरी येत गेले, प्रत्येक लेबलावर प्लॅस्टिकचं टोपण चढलं आणि सगळी जत्रा डांबरगोळ्यांसकट ट्रंकेत गेली. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय!

लेक तेव्हा सात वर्षांची. हिरव्या बेडकासाठी ती उचकी लागेपर्यंत रडली. "बाबा, फक्त आज झोपताना द्या ना."

"उद्या हाच बेडूक तुला पार्लर काढून देईल, पोरी. बापाचा शब्द आहे."

"बाजारात तुरी..." बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, पण ऐकतो कोण? लेकीने पुन्हा कधी बेडूक मागितला नाही. तेच त्याला आत कुठेतरी खुपत राहिलं.

लेक मोठी झाली, दुसऱ्यांच्या पार्लरमध्ये राबून तिने हात तयार केला. बाबांच्या दुकानाला लागूनचा गाळा रिकामा झाला, तेव्हा तिने तो भाड्याने घेतला आणि तिची सगळी साठवण अनामत रकमेत गेली. आता अडलं ते खुर्चीपाशी. वरखाली होणारी, मागे कलणारी खुर्ची काही फुकट मिळत नाही.

"जुनी कुठे मिळते का बघते," ती म्हणाली.

"जुनी कशाला? मी बसलोय ना!" लेबलशेठची छाती फुगली. ट्रंक स्कूटरला बांधून स्वारी जुन्या खेळण्यांच्या व्यापाऱ्याकडे निघाली.

व्यापारी भला माणूस. त्याने ट्रंकेत डोकावून पाहिलं आणि मागच्या खोलीचं दार उघडलं. आत छतापर्यंत खोकी. तेच हत्ती, तेच खेकडे, तेच हिरवे बेडूक, आणि एकूण एक लेबलावर टोपण.

"काका, सगळ्यांनीच जपून ठेवले हो," तो म्हणाला. "कुणाचा फाटला नाही, कुणाचा कुत्र्याने पळवला नाही. मग भाव यायचा कुठून? एक पोर यांच्याशी धड खेळलं नाही!"

"तरी काय द्याल?"

"सगळ्यांचे मिळून? चार-दोन दाढ्यांचे पैसे. तेही तुम्ही एवढ्या लांबून आलात म्हणून."

लेबलशेठ ट्रंक घेऊन परत फिरला. पैसे बुडाल्याचं त्याला फारसं वाटलं नाही. पण एवढ्याशा पोरीला रडवलं, आणि तेही फुकटच!

लेक गाळ्यात आरसा पुसत होती. त्याने ट्रंक खाली ठेवली आणि सांगून टाकलं, "बेटा, तुझा बाप ठार वेडा निघाला. यांना कुत्रं विचारत नाही. मी तुला उगाच रडवलं."

लेकीने झाकण उघडलं, डांबरगोळ्यांनी सटासट शिंकली आणि तळातून बेडूक उपसून काढला. मग ती जी हसत सुटली, ती जमिनीवरच बसली.

"बाबा, कात्री आहे?"

"माझ्याकडे?"

"मग कापा लेबल. तुम्हीच कापा."

त्याने खिशातली कात्री काढली. "मान खाली," तो सवयीने बेडकाला म्हणाला. कच्!

त्या संध्याकाळी त्याने आपल्या दुकानातल्या दोन खुर्च्यांपैकी चांगली खुर्ची बोल्टांसकट उचकटली आणि लेकीच्या गाळ्यात बसवली. लेक नको नको म्हणत राहिली.

"शब्द बेडकाने दिला नव्हता," तो म्हणाला, "मी दिला होता." स्वतःला त्याने कुरकुरणारी ठेवली.

बाकीच्या प्राण्यांचीही लेबलं गेली आणि ते पार्लरच्या फळीवर ओळीने बसले. केस कापताना जे पोर रडेल, त्याने आवडेल तो घेऊन जावा. पहिल्याच आठवड्यात एक छोटी आली. खुर्चीच्या हातांवर पाट टाकून तिला बसवलं, तर तिने भोकाड पसरलं.

"रडू नको गं, यातला कुठलाही घे," लेक म्हणाली.

मुलीने डोळे पुसले आणि थेट आरशावरच्या बेडकाकडे बोट दाखवलं. "तो."

"तो नाही. तो माझा आहे."

"पण तू तर मोठी आहेस!"

"असू दे. मी त्याला घेऊन झोपते."

शेजारच्या दुकानात लेबलशेठ हे ऐकत गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावत होता. त्याने ब्रश खाली ठेवला, "आलोच" म्हणाला, आणि गिऱ्हाइकाला तसंच सोडून तोंड धुवायला मागे गेला.