मंदाबाईचं अकरा खोल्यांचं घर

मंदाबाई बोरसेचा नवरा सुरतेजवळ पलसाण्याच्या एका डाईंग मिलमध्ये कामाला होता. तो गेला तेव्हा त्यांचा मुलगा गोपाल शाळेत होता. मिलच्या शेठनं मंदाला आपल्या घरी, अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा करायला ठेवलं. अंघोळ घालणं, भरवणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं, हे सगळं ती कुणी न सांगता करायची. मिलमध्ये नवं मशीन बसवायला आलेला एत्तोरे नावाचा इटालियन इंजिनियर शेठच्या घरी जेवायला यायचा. त्यानं तिचं काम पाहिलं. त्याची मावशी लिदिया, वय ब्याऐंशी, मूलबाळ नाही, तिकडे एका खेड्याबाहेर एकटी राहायची. शेठची आई वारल्यावर एत्तोरेनं विचारलं आणि वर्षभरात मंदाबाई सुरतच्या लिंबायतमधून थेट इटलीतल्या एका डोंगरउतारावर जाऊन पोचली.

घर दगडी, साडेतीनशे वर्षांचं, अकरा खोल्यांचं. मोठ्या खोलीच्या छतावर कुण्या जुन्या चित्रकारानं पंखवाली माणसं रंगवलेली. त्यामुळे घराची सरकारदरबारी नोंद होती, खिडकीची फळी बदलायची तरी परवानगी लागायची. गाव चार किलोमीटर लांब. भिंती एवढ्या जाड की आत फोन लागत नसे. मंदा अंगणातल्या अक्रोडाखाली उभी राहून गोपालशी बोलायची, पण पाच मिनिटं झाली की आतून हाक यायचीच.

लिदियाला एकटेपणाची भीती होती. मंदा शेजारच्या खोलीत गेली तरी तिला घाम फुटायचा.

"मी जरा गावात जाऊन येते," मंदा मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये म्हणायची.

"उद्या जा," लिदिया तिचा हात धरून सांगायची.

अशी पाच वर्षं गेली. अमळनेरला भाऊ वारला, तेव्हाही ती येऊ शकली नाही. बर्फ पडलं की आठवडे आठवडे तिसरं माणूस दिसत नसे. मग मंदा चुलीपुढे बसून मोठ्यानं अहिराणी बोलायची, निदान आपला आवाज तरी कानावर पडावा म्हणून. लिदिया वाईट असती तर ती कधीच निघून आली असती. पण म्हातारी तिला मुलगी म्हणायची, तिच्या हातूनच जेवायची. तिला सोडून जाणं म्हणजे तिचा जीव घेणं, असं मंदाला वाटायचं.

एका फेब्रुवारीत लिदिया गेली आणि मंदा सुरतला परतली. पहिला आठवडा ती नुसती चालत होती. भाजीबाजारात, रिंग रोडवर, कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्यांच्या गर्दीत. कुणाचा धक्का लागला तरी तिला बरं वाटायचं.

चार महिन्यांनी एत्तोरेचा फोन आला. मावशीनं मृत्युपत्रात घर मंदाच्या नावावर केलं होतं. मंदानं त्यात राहावं, घर बंद पडू नये, एवढीच तिची इच्छा होती.

"मला राग नाही," एत्तोरे म्हणाला. "पण घेतलंस तर छप्पर, कर, परवानग्या, सगळं तुलाच सांभाळावं लागेल. आणि असलं घर पटकन विकलं जात नाही. नको असेल तर मुंबईच्या इटालियन कॉन्सुलेटमध्ये तसं लिहून दे."

मंदानं हे गोपालला सांगितलं. सकाळपर्यंत गल्लीला कळलं होतं. मोठा दीर लोटू पेढे घेऊन आला.

"माले नको ते घर," तिनं रात्री जेवताना गोपालला सांगितलं.

"कसाले नको? आठे लोके एक खोलीसाठे मरतस."

"मी तठे पाच वरीस काढात. माले म्हाईत शे."

"तवय तू नोकर व्हतीस, माय. आते मालकीण शे."

मालकीण झाल्यानं तिथल्या भिंती काही पातळ होणार नव्हत्या. पण गोपाल कापड मार्केटमध्ये दिवसभर उभा राहून साड्या उलगडून दाखवणारा मुलगा. आयुष्यात पहिल्यांदाच लोक त्याच्याशी आदरानं बोलत होते. त्याच सुमारास उधन्याच्या वाल्मिक शिंदे यांच्या मुलीचं, हर्षदाचं स्थळ आलं. मुलगी बी.कॉम. झालेली. वाल्मिकभाऊंनी मोकळेपणानं सांगितलं, "मार्केटमधला सेल्समन आम्ही बघितला नसता. पण मुलगी उद्या इटलीत राहील म्हणून हो म्हटलं."

त्यानंतर पंधरा दिवसांनी मंदा बहिणीकडे जाते असं सांगून मुंबईला गेली.

कॉन्सुलेटच्या काउंटरवरच्या मुलीनं हिंदीत दोनदा विचारलं, "एकदा सही केली की मागे घेता येणार नाही. घरच्यांना माहीत आहे ना?"

"हो," मंदा म्हणाली आणि घर नको असल्याच्या कागदावर तिनं सही केली. परतीच्या गाडीत ती बसल्या जागी गाढ झोपली.

संध्याकाळी घरी जाऊन गोपालला सगळं सांगायचं, हे तिनं ठरवलं होतं. पण घरात वाल्मिकभाऊ आणि त्यांची बायको तारीख काढायला येऊन बसले होते. गोपालनं नवा शर्ट घातला होता.

"विहीणबाई, तिथं खोल्या किती?" वाल्मिकभाऊंनी विचारलं.

मंदानं गोपालकडे पाहिलं. तो खुशीत तिच्या उत्तराची वाट पाहत होता.

"अकरा," ती म्हणाली.

मग त्यांनी एकेक खोली विचारून घेतली आणि तिनं एकेक सांगितली.

लग्न झालं की सांगू, असं तिनं मनाशी म्हटलं. वैशाखात लग्न झालं. मग हर्षदाला दिवस गेले, मग बाळंतपण झालं. मधे एकदा एत्तोरेचा फोन आला. घर आता त्याच्याकडे आलं होतं आणि त्यानं ते एका शाळामास्तराच्या कुटुंबाला राहायला दिलं होतं. तीन मुलं आहेत, म्हणाला, दिवसभर आरडाओरडा असतो. मंदाला फार बरं वाटलं, पण ते सांगायला तिला कुणी नव्हतं.

हर्षदा अधूनमधून विचारते, "आई, कागदपत्रं कुठपर्यंत आली?"

"तिकडचं काम हळू असतं," मंदा सांगते.

गेल्या महिन्यात गोपालचा पासपोर्ट आला. मार्केटमधून आल्यावर तो रोज तासभर मोबाईलवर इटालियन शिकतो, आणि अडला की आईला हाक मारतो. ती हातातलं काम टाकून त्याच्याजवळ बसते आणि त्याचे उच्चार सुधारते.