मिशीवाली आई

दीड महिन्यापूर्वी सकाळी आईचा फोन आला. “माई गेली गं. घाई करू नको, नीट ये.” पुण्याच्या ऑफिसात रजेच्या अर्जावर नातं लिहायचं होतं. मी ‘दूरची मावशी’ लिहिलं आणि जालन्याच्या बसमध्ये बसले...

माई मावशी नव्हती. मी दोन वर्षांची असताना आई मला घेऊन जुन्या जालन्यात माईच्या घरी राहायला आली, ती कायमची. त्या दोघी जोडीदार होत्या, आणि मला दोघींनी वाढवलं. इतकं सरळ मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. माई घरीच ब्लाऊज शिवायची. इंग्रजी तिला वाचता यायचं नाही, म्हणून माझ्या शाळेच्या पुस्तकांतली चित्रं बघून ती स्वतःच गोष्ट रचायची. प्रत्येक पुस्तकात एक आई आणि एक टायवाले बाबा. दुसरीत असताना मी विचारलं, “आपल्या घरासारखं का नाही?” तिने चिकटवायला मैद्याची खळ केली, कातरीने ब्लाऊजपीसचा तुकडा कापला आणि हातातल्या पुस्तकात पानोपानी बाबांना जांभळी साडी नेसवली. मी म्हटलं, “पण मिशी?” ती म्हणाली, “राहू दे. मला न्हाई का थोडी?”

पुस्तक शाळेच्या लायब्ररीचं होतं, हे दोघी विसरलो. बाईंनी ते वर्गात उंच धरलं. सगळे हसले. माईला बोलावणं गेलं. ती गळ्यात टेप तसाच घेऊन आली. बाईंनी मला विचारलं, “या कोण तुझ्या?” मी म्हटलं, “टेलरबाई.” माई म्हणाली, “चूक माझी हाय मॅडम. नवं आणून देते.” परतताना रिक्षात ती एवढंच बोलली, “टेप घरी काढून ठेवायला पाहिजे होता.”

मागच्या दिवाळीत मी एका मुलीचं आणि तिच्या दोन आयांचं खरंखुरं चित्रपुस्तक माईसाठी नेलं. तिने ते सावकाश चाळलं. “दोघी सकाळी सकाळी न्हाऊन तयार. ह्यांच्याकडं नळाला रोज पाणी येतं वाटतं.” मग म्हणाली, “चांगलं हाय. पण आपलं जास्त बराबर हाय.” शाळेतल्या त्या शब्दाबद्दल तेव्हा बोलायचं होतं... ती चहा ठेवायला उठली, आणि मीही बोलले नाही.

माई गेल्यानंतरच्या आठवड्यात तिचं कपाट आवरताना ते जुनं पुस्तक निघालं. खळ सुकून साडी सुटली होती, आतून टाय दिसत होता. आई ते घेऊन खळ करायला गेली. थोड्या वेळाने दारात एक बाई आली. “टेलरबाई न्हाईत का? ब्लाऊज शिवायला टाकल्तं.”

“आई गेली माझी,” मी म्हटलं.

तिने गोंधळून माझ्यामागे पाहिलं. आत माझी आई जमिनीवर बसून, मिशीला खळ लागू न देता, जांभळी साडी परत चिकटवत होती.